नर मासे, एक कात्री आणि मुठेचं पाणी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

पुण्याच्या मुठा नदीच्या पाण्यात काय मिसळलंय ते माशांच्या जनुकांवरून ओळखायचं, हा प्रकल्प. आज मासे आले. साठ झेब्राफिश, दोन फुगलेल्या पिशव्यांत. दुकानदाराने वर दोन गुलाबी चमकणारेही दाखवले, "हे घ्या ताई, शोभेला." नको म्हटलं, पण ते मासे आमच्याच गोत्रातले. १९९९ च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झेब्राफिशमध्ये चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं गेलं, ते प्रदूषण दिसलं की मासा उजळावा या कल्पनेने. प्रदूषण राहिलं बाजूला, मासा शोकेसमध्ये गेला.

आम्हाला उजळणारा मासा नको आहे. साधाच हवा, त्याच्या यकृतात कुठली जनुकं जागी झाली तेवढं मोजायचं आहे. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत दिलं तर तुम्ही जे शोधा म्हणाल तेवढंच सापडतं. मासा मात्र त्या पाण्यात दिवसरात्र श्वास घेत असतो, आणि त्याच्या पेशी समोर येईल त्याला उत्तर देतात. शिसं, कॅडमियम आलं तर मेटॅलोथायोनिनचं जनुक, तेलातले किंवा जळक्या धुरातले बहुवलयी पदार्थ आले तर सीवायपी१ए, आणि स्त्री-संप्रेरकासारखं काही आलं तर व्हायटेलोजेनिन.

तिसरं माझं लाडकं. व्हायटेलोजेनिन म्हणजे अंड्यातल्या बलकाचा कच्चा माल. मादीचं यकृत ते ढिगाने बनवतं. नराकडेही हे जनुक असतं, पण त्याला कोणी हाक मारत नाही. नराच्या यकृतात ते बोलायला लागलं तर पाण्यात हाक मारणारं काहीतरी आहे.

मासे पंधरा दिवस वेगळ्या टाकीत. नळाचं पाणी हायपो (क्लोरीन मारणारे खडे) घालून, वर एक दिवस उघडं ठेवून.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या मामांनी तिळगूळ आणला, तो टाक्यांपासून लांब खाल्ला.

दुपारी द्रावणांचं गणित. व्हायटेलोजेनिन नक्की जागं होईल असा तुलनेचा गट, खात्रीची 'हो', म्हणून इथिनिलएस्ट्राडायॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक द्यायचं, लिटरला १० नॅनोग्रॅम. एम.एस्सी.च्या मुलीला हा आकडा पोचेना, म्हणून फळ्यावर मांडून दाखवलं. माला-डी या गर्भनिरोधकाच्या एका गोळीत हेच द्रव्य ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एक गोळी ३,००० लिटर पाण्यात विरघळवली की आपली मात्रा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या आणि एक गोळी. ती म्हणाली, "मॅडम, एवढ्यानं काय होणार?"

कॅनडातल्या ओंटारियोमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं हेच द्रव्य लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राहील असं सोडलं. नरांमध्ये व्हायटेलोजेनिन चढलं, आणि फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची त्या तळ्यातली वस्ती जवळजवळ संपली. आपल्या मात्रेच्या निम्म्यावर.

मुळात हा धागा इंग्लंडमधला. मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्राउटच्या रक्तात व्हायटेलोजेनिन भरमसाट सापडलं, तो निबंध १९९४ चा. गंमत अशी की शरीर संप्रेरक बाहेर टाकताना त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडून निकामी करतं. गटारातले जिवाणू तो तुकडा खाऊन टाकतात आणि संप्रेरक पुन्हा कामाला लागतं.

२३ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे वीज दुरुस्तीचा वार, हे माहीत असून विसरले. सकाळी साडेदहाला एरेटर बंद. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मामांनी आणि मी मगने पाणी उचलून उंचावरून ओतायचं काम दोन तास केलं. तीन मेले. संध्याकाळी बॅटरीवरचे दोन एरेटर आणले, पावती आमच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर.

३ फेब्रुवारी

प्रायमर आले, म्हणजे नेमकं एकेक जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे. पाच जनुकं: व्हायटेलोजेनिन-१, सीवायपी१ए, मेटॅलोथायोनिन, आणि फूटपट्टी म्हणून बीटा-ॲक्टिन व ईएफ१-अल्फा. फूटपट्टीची जनुकं म्हणजे मासा कसाही असो, त्यांची पातळी हलू नये अशी अपेक्षा.

दसपटीने पातळ करत पाच नळ्या लावल्या. व्हायटेलोजेनिनचा उतार उणे ३.४, म्हणजे दर फेरीला साधारण ९७ टक्के कार्यक्षमता. वितळण्याच्या आलेखात एकच शिखर, म्हणजे हवा तो एकच माल वाढतोय. चांगला दिवस.

नव्यांसाठी लिहून ठेवते: पीसीआर यंत्र जनुकाच्या प्रती फेरीफेरीने वाढवतं, आणि ते जो सीटी आकडा देतं तो म्हणजे कितव्या फेरीत उजेड दिसला. दर फेरीला माल दुप्पट. म्हणून आकडा जितका लहान तितका मूळ माल जास्त, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. परीक्षेत सगळे हे बरोबर लिहितात आणि यंत्रासमोर बसले की उलटं वाचतात. मीही वाचलंय.

११ फेब्रुवारी

पहिल्या फेरीचा सातवा दिवस. तीन गट: साध्या पाण्यातले नर, संप्रेरकातले नर, आणि तुलनेला तीन माद्या. नर-मादी ओळखणं सवयीचं काम आहे. नर सडपातळ, पट्ट्यांच्या मधे पिवळसर झाक. मादी चंदेरी आणि पोट गोल. अर्धवट वाढलेले दोन मासे ठरवता येईनात, ते बाजूला ठेवले.

मासा बर्फाच्या पाण्यात शांत झाला की भिंगाखाली. पोटाची भिंत शेपटीकडून डोक्याकडे कापायची, आतडं अलगद चिमट्याने उचलायचं. यकृत आतड्याला बिलगलेलं असतं, फिकट तांबूस, कागदाच्या कपट्याएवढं. ते सुटं करताना पित्ताशय फुटलं तर हिरवा थेंब सगळीकडे. एकदा फुटलं, ती नळी टाकून दिली. एकाच्या यकृतातून पुरेसा आरएनए (जागं झालेलं जनुक बनवतं ती नक्कल, आपण मोजतो ती हीच) निघत नाही म्हणून तीन-तीन यकृतं एका नळीत, लगेच ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावणात.

क्रम: आधी माद्या (मॅडमना पूर्ण चालू जनुक कसं दिसतं ते दाखवायचं होतं), मग साधे नर, तीन नळ्या, मग संप्रेरकातले नर. प्रत्येकानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली.

१३ फेब्रुवारी

आरएनए सुरेख. शुद्धता सांगणारं २६०/२८० गुणोत्तर सगळीकडे १.९ ते २.१. संध्याकाळी प्लेट लावली, रात्री आठला निकाल.

व्हायटेलोजेनिनचे सीटी आकडे. माद्या: १३. संप्रेरकातले नर: १५-१६. इथपर्यंत टाळ्या.

साध्या पाण्यातले नर: २४.१, २६.८, २९.२.

इथे काही यायलाच नको होतं. फार तर पस्तिशीच्या आसपास एखादी कुरकुर. फूटपट्टीची जनुकं सगळ्या नळ्यांत १८ च्या आगेमागे, म्हणजे नळीत माल कमीजास्त पडलेला नाही. आपलं हायपो घातलेलं नळाचं पाणीच संप्रेरकवालं निघालं का? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज काही ठरवू नकोस. जेव आणि झोप."

१४ फेब्रुवारी

पहिला संशय: आरएनएमध्ये डीएनए मिसळलाय. यंत्राला फक्त डीएनए दिसतो, म्हणून एरवी आधी आरएनएवरून डीएनए लिहून घेतो; ते उलट-लेखन न केलेली नळी लावून पाहिली. सपाट रेघ. म्हणजे जे दिसतंय तो खरोखरच आरएनए.

दुसरा: नर समजून मादी घेतली. पण कापताना एकाच्याही पोटात अंडी दिसलेली नाहीत, आणि प्रौढ मादीचं बीजाशय न दिसण्याजोगं नसतं.

तिसरा: टाकीची नळी, सिलिकॉन, प्लॅस्टिक. यादी लांबत गेली.

१७ फेब्रुवारी

उत्तर वहीतच होतं.

आज सकाळी ११ तारखेचं पान उघडून आकड्यांशेजारी नळ्यांचा क्रम लिहिला. पहिली नळी २४.१, दुसरी २६.८, तिसरी २९.२. प्रत्येक नळीला साधारण अडीच फेऱ्या मागे. टाकीचं पाणी दोषी असतं तर तिघांत असा जिना पडला नसता, तिन्ही नळ्यांतले मासे एकाच टाकीतले. हा जिना कापण्याच्या क्रमाचा आहे. आणि त्यांच्या आधी त्याच कात्रीखाली माद्या होत्या.

हिशेब केला. मादी १३, पहिली नळी २४: अकरा फेऱ्या. दोनचा अकरावा घात २,०४८. म्हणजे मादीच्या यकृताचा दोन हजारावा भाग त्या नळीत आला की एवढा आकडा पडतो. डोळ्याला न दिसणारा अंश. आणि अल्कोहोलच्या बोळ्यानं आपल्याला स्वच्छतेचं समाधान मिळालं, कारण अल्कोहोलनं जंतू मरतात. आरएनए मरत नाही, उलट आपण काढताना त्याला अल्कोहोलमध्येच तर बसवतो. एम.एस्सी.ची मुलगी ओशाळली. तिला सांगितलं की क्रम मी ठरवला होता, चूक वहीत माझ्या नावावर.

नदीतलं प्रदूषण शोधायला निघालो आणि पहिलं सापडलं ते आमच्या कात्रीवर.

मामांकडून चार कात्र्या, चार चिमटे. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. वापरानंतर आरएनए नष्ट करणाऱ्या द्रावणात बुडवून, मग निर्जंतुक पाण्याने धुऊन. माद्या इथून पुढे सगळ्यात शेवटी, वेगळ्या टेबलावर.

२५ फेब्रुवारी

पुन्हा तोच प्रयोग, या वेळी नर वेगवेगळ्या टाक्यांत. साधे नर: ३३.९, ३१.२, ३४.४. जिना गेला.

मधल्या ३१ चं काय? त्या टाकीला संपलेल्या डब्याऐवजी दुसरं कोरडं खाद्य दिलं होतं. डब्यावर बारीक अक्षरात सोयापेंड. सोयाबीनमधले जेनिस्टीनसारखे पदार्थ संप्रेरकाच्या कुलपात किल्लीसारखे अर्धवट बसतात. दोष खाद्याचाच असं छातीठोकपणे म्हणणार नाही, एकच नळी आहे. पण धोका कशाला. आजपासून सगळ्यांना घरी उबवलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं. म्हणजे रोज सकाळी सातला मिठाच्या पाण्याच्या बाटल्या बघायला कोणीतरी यायचं. कोणीतरी म्हणजे मी.

१० मार्च

पाणी आणायचा दिवस. धुळवड शुक्रवारी आहे, त्यानंतर नदीत काय काय उतरेल सांगता येत नाही, म्हणून आधीच.

पहिली जागा खडकवासल्याच्या जलाशयाचा काठ, शहराच्या वरच्या अंगाला. दुसरी मुठा शहरातून वाहत येऊन मुळेला मिळते त्याच्या खाली. ही मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीला जाते, म्हणजे पुण्याने सोडलेलं सोलापूर जिल्ह्याच्या धरणात. तिकडच्या बाजारात चिलापीचे ढीग असतात ते याच पाण्यातले.

प्रत्येक जागेचे वीस लिटरचे दोन कॅन. स्कूटरच्या पायाशी एक, मागे दोरीने एक. दोन खेपा. खरं तर काचेच्या बरण्या हव्यात, कारण सीवायपी१एला जागं करणारे तेलकट पदार्थ प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतात. पण काचेच्या बरण्या आणि सिंहगड रोडचे खड्डे यांचं जमत नाही. म्हणजे आकडा आला तर खऱ्यापेक्षा कमीच असेल, एवढं नोंदवून ठेवते.

खालच्या जागी जलपर्णीच्या पट्ट्यातून कॅन बुडवताना काठावरच्या आजोबांनी विचारलं, "बाई, हे पाणी कशाला नेता? झाडांना?"

"माशांना, आजोबा."

"मासे इथं होते की पहिले. आता तिकडून आणून इथलं पाणी पाजताय होय?"

काय बोलणार. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला, त्यातले कितीतरी मासे याच खोऱ्यातले. ते आजोबांना सांगायचं मनात आलं, पण कॅन गळत होता.

पाण्यातला प्राणवायू जागेवरच मोजला. खडकवासला लिटरला ७ मिलिग्रॅमच्या पुढे, खाली २ च्या आत. अमोनिया खाली भरपूर.

११ ते १७ मार्च

चार गट: नळाचं पाणी, खडकवासला, खालचं पाणी अर्धं पातळ करून, आणि संप्रेरक. खालचं पाणी निव्वळ दिलं असतं तर मासे अमोनियानेच गेले असते, आणि मेलेला मासा जनुकांबद्दल काही सांगत नाही. एरेटर जोरात, दिवसाआड अर्धं पाणी बदल, उरलेलं पाणी थंड अंधाऱ्या खोलीत, कारण उबेत जिवाणू संप्रेरकं फस्त करतात.

दुसऱ्या दिवशी खालच्या पाण्यातला एक गेला, चौथ्या दिवशी एक. नंतर स्थिर. धुळवडीला सुट्टी होती, टाक्यांना नव्हती. मामा गुलाल झटकून आत आले.

१८ मार्च

आज आंधळं काम. मामांनी टाक्यांवरची नावं काढून स्वतःच्या खुणा लावल्या: ओम, चक्र, त्रिकोण, फुली. खुणांचा कागद त्यांनी हजेरी रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठेवला आणि कपाटाची किल्ली खिशात. कापणारी मी, नळ्या भरणारी एम.एस्सी.ची मुलगी, दोघींनाही कळू नये. मनात मात्र अंदाज बांधला जातोच. फुलीवाल्यांच्या कल्ल्यांचा रंग मला काळपट वाटला. तो वहीत लिहिला आणि लगेच खोडला.

२१ मार्च

आधी फूटपट्टी. बीटा-ॲक्टिन फुलीच्या नळ्यांत बाकीच्यांपेक्षा दीड फेरी मागे. दीड म्हणजे जवळजवळ २.८ पट. फूटपट्टी स्वतःच आखडली तर तिच्यावर मोजलेलं प्रत्येक जनुक आपोआप वाढलेलं दिसतं. अर्ध्या प्रबंधांत एकटं ॲक्टिन वापरलेलं असतं, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. ईएफ१-अल्फा चारही गटांत जागेवर होता. आणखी एक जनुक, आरपीएल१३ए, तातडीने शेजारच्या विभागातून प्रायमर मागून लावलं. तेही जागेवर. या दोघांची सरासरी घेतली, ॲक्टिन बाद.

मेटॅलोथायोनिन: सगळीकडे सारखंच. धातूंचा तरी गोंगाट दिसत नाही.

सीवायपी१ए: ओम आणि चक्र एका पातळीवर. फुली त्यांच्यापेक्षा चार फेऱ्या पुढे, तिन्ही नळ्यांत. सोळा पट.

व्हायटेलोजेनिन: त्रिकोण १५, म्हणजे तो कोण ते कागद न बघताही कळलं. ओम ३४, चक्र ३४-३५. फुली: २९, ३०, ३४.

मग कागद. मामांनी चष्मा लावून वाचला: "ओम नळाचं. चक्र खडकवासला. त्रिकोण औषधाचं. फुली खालचं."

मॅडम दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सीवायपीवर मी सही करीन. व्हायटेलोजेनिनच्या तीनपैकी दोन नळ्यांवर नाही."

त्यांचं बरोबर आहे. सीवायपी१एचं उत्तर स्पष्ट आहे, पण ते डिझेलच्या तवंगाला, टायरच्या धुळीला की कचरा जाळलेल्या राखेला, हे जनुक सांगत नाही. कोणीतरी दार ठोठावलं एवढंच ते सांगतं. शिवाय आरएनएचं उत्तर ताजं असतं, तासा-दिवसांत चढतं आणि कारण संपलं की उतरतं. रक्तातलं व्हायटेलोजेनिन प्रथिन मात्र आठवडे टिकतं. मागच्या महिन्यात नदीत काय होतं ते विचारायचं तर प्रथिन मोजायला हवं. त्याची किट महाग आहे, विनंतीपत्र लिहिलंय.

२२ मार्च

रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी पुन्हा क्रम तपासला. कापायचा क्रम होता फुली, ओम, चक्र, त्रिकोण. फुली पहिली. म्हणजे या वेळी कात्रीवर आधीचं काही नव्हतं. २९ आणि ३० माशांचेच आहेत. तिसऱ्या नळीत मात्र काही नाही, आणि त्या नळीत खालच्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीतले दोन मासे होते, जिथला एक चौथ्या दिवशी मेला. आजारी यकृत संप्रेरकाला नीट उत्तर देत नाही, असं होऊ शकतं. किंवा तीन नळ्या हा आकडाच लहान आहे. दुसरं जास्त खरं वाटतं.

२ एप्रिल

दुसऱ्या फेरीची तयारी. दर गटाला तीनऐवजी सहा नळ्या, म्हणजे मासे दुप्पट, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आचारसमितीकडे सुधारित अर्ज. तो आज दिला. मधे आणखी एक जागा घालायची, संगमाच्या वर मुठेच्याच पात्रात, म्हणजे मुळेकडून येतं ते आणि मुठेकडून येतं ते वेगळं कळेल.

काचेच्या बरण्या मिळाल्या. लोणच्याच्या, पाच लिटरच्या, आठ. मामांच्या भाच्याची रिक्षा ठरली आहे. मामांनी विचारलं, या वेळी खुणा कुठल्या लावायच्या. म्हटलं, फुली नको, ती आता आम्हाला पाठ झाली. त्यांनी कागदावर आंबा, केळं, फणस, पेरू, सीताफळ काढलं. सीताफळ ओळखू येत नव्हतं, त्याखाली नाव लिहायला लावलं.